साटंलोटं

शकूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सिस्टरशी वाद घालत होती. महापालिकेच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसची लांबट खोली होती आणि तिच्या दारावर 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. शकू त्या पाटीवरच पाठ टेकून उभी होती.

"अवो सिस्टर, ह्यांच्या पायात गोळे येत्यात. तुमी येनार हाय का दाबायला? तुमाला धा मानसं बघायची असत्यात. मग मला बसू द्या की. मी कशालाबी हात लावत न्हाई."

"मावशी, इन्फेक्शन होतं. नियम आहे."

"मंग मला नियमात बसवा."

सिस्टर हसली आणि तिथेच हरली. शकूच्या डोक्यावर हिरवी टोपी, तोंडाला मास्क, अंगात पाठीमागून बांधायचा झगा असा सगळा सरंजाम चढला आणि ती नवऱ्याच्या पायाशी स्टुलावर जाऊन बसली. नवरा, मच्छिंद्र, माझ्या शेजारच्या खाटेवर होता. म्हणून शकू माझी शेजारीण झाली.

मी हेमा. सदाशिव पेठेत राहते आणि तिथल्याच एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. नवरा श्रीधर एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. आम्हा दोघांपैकी कुणाच्याच नोकरीत आजारपणाची सोय नाही. रक्तदाबाने माझ्या दोन्ही किडन्या हळूहळू संपवल्या, आणि मला कळलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मग आठवड्यातून तीनदा यंत्राशेजारी झोपायचं, अंगातलं रक्त त्यातून फिरवून स्वच्छ करून घ्यायचं आणि घरी यायचं, हेच आयुष्य झालं. सुरुवातीचे काही महिने खासगी रुग्णालयात काढले. ते झेपेना म्हणून पालिकेच्या केंद्रात नाव घातलं. तिथे यंत्रं मोजकी. "जागा झाली की कळवू," असं ते म्हणाले. जागा कशी होते ते आम्ही विचारलं नाही. पावसाळ्यात फोन आला आणि मी गेले.

मच्छिंद्र किरकटवाडीचा. खडकवासल्याच्या अलीकडचं हे गाव तेव्हा नुकतंच पुण्याच्या हद्दीत आलं होतं. "गाव पालिकेत गेलं, घरपट्टी वाढली, नळाला पानी काय आलं न्हाई," शकू सांगायची. "पर ह्यांना हे मिशीन मिळालं. म्हंजे काईतरी आलंच म्हना."

मच्छिंद्र टेम्पो चालवायचा. पायांना सूज आली तेव्हा दिवसभर बसून येते म्हणाला. तोंडावर आली तेव्हा झोप जास्त झाली म्हणाला. आणि एक दिवस सिंहगड रस्त्याला भर दुपारी टेम्पो कडेला लावून, स्टीअरिंगवर डोकं टेकून जो बसला, त्याला लोकांनी उचलूनच दवाखान्यात नेलं. माणूस मुळातच कमी बोलणारा. डायलिसिसवरच्या माणसाला पाणीही बेताबेतानं प्यावं लागतं, कारण प्यायलेलं बाहेर जायची वाट बंद झालेली असते. एकदा ओठांवरून ओला रुमाल फिरवत तो मला म्हणाला, "ताई, धरन उशाला आन कोरड घशाला, ही म्हन ल्हानपनापासून ऐकतोय. आता कळली."

शकूचं तसं नव्हतं. ती घरच्या सगळ्यांच्या वाटचं एकटी बोलायची. खडकवासल्याच्या चौपाटीवर, धरणाच्या कडेने गाड्या लागतात तिथे, तिची कणसांची गाडी होती. सकाळी दवाखाना, दुपारी घर आणि दोन शाळकरी मुलं, संध्याकाळी शेगडी. तिच्या लुगड्याला भाजक्या कणसाचा वास असायचा. आमच्यापैकी बहुतेकांना धड काही खायची परवानगी नव्हती, आणि ती नुसती शेजारून गेली तरी खोलीतल्या सगळ्यांना भूक लागायची.

एका सकाळी यंत्र सुरू असताना माझ्या पोटरीत गोळा आला. ओरडू नये म्हणून मी चादर दातांत धरली. शकूने मला काही विचारलं नाही. स्टूल सरकवलं, माझी पोटरी दोन्ही हातांत धरली आणि अंगठे रोवले.

"दगूड झालाय नुसता. पाय सैल सोडा, ताई. सोडा म्हनलं ना!"

सदाशिव पेठेत माझ्या पायाला परक्या बाईने हात लावावा, असं तोवर कधी झालं नव्हतं. गोळा उतरला. त्या दिवसापासून एक हात मच्छिंद्रच्या पायावर आणि गरज पडली तर एक माझ्या, अशी ती बसू लागली.

डायलिसिसने माणूस तगतो, पण त्याच्या पलीकडे बघायचं तर नवी किडनी हवी. मेंदू मृत झालेल्या कुणाची तरी मिळावी म्हणून मी आणि मच्छिंद्र, आम्ही दोघांनीही सरकारी यादीत नाव घातलं होतं. ती वाट वर्षानुवर्षांची. दुसरा मार्ग म्हणजे घरच्यांपैकी कुणी दिली तर. माझा भाऊ मधुमेही. मुलगी नीरजा तयार होती, पण तिचं वय एकोणीस, आणि मी हे बोलणंच घरात काढू दिलं नाही. श्रीधरने स्वतःच्या तपासण्या मला न सांगता करून घेतल्या आणि हात हलवत परत आला. त्याचा रक्तगट बी, माझा ए.

"पंचवीस वर्षांत आपलं कशावर जुळलं होतं, की आता जुळावं?" तो म्हणाला. मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिला.

तिकडे शकूनेही तेच केलं होतं. सासूला, म्हणजे सोजरबाईंना, साखरेचा त्रास. दीर कधीच वेगळा झालेला. "मीच देते की," असं म्हणून ती तपासणीला उभी राहिली. तिचा ए, मच्छिंद्रचा बी.

ती हे सांगत होती तेव्हा मी शेजारच्या खाटेवर होते. दोघींनी एकमेकींची समजूत काढली आणि विषय सोडून दिला. आमच्या दोघींच्या डोक्यात पुढचं काही आलं नाही.

आलं ते जयसिंग सरांच्या. ज्या सरकारी रुग्णालयात आमची यादीतली नावं होती, तिथले ते समाजसेवा अधीक्षक. कुणाला कोणती योजना लागू होते, कुठली कागदं लागतात, कुणाला कुठे पाठवायचं, हे बघणारा माणूस. त्यांनी एके दिवशी आम्हा चौघांना एकत्र बोलावलं. टेबलावर चार चहाचे कप ठेवले. मग लक्षात आलं की दोघांना पाणी मोजून आहे, म्हणून दोन कप परत उचलले.

"हेमाताईंना ए गटाची किडनी लागते, शकूताई ए आहेत. मच्छिंद्रना बी लागते, श्रीधरसर बी आहेत," ते म्हणाले. "शकूताईंनी हेमाताईंना द्यायची, सरांनी मच्छिंद्रना. कायद्याने चालतं, कारण दोन्हीकडे देणारा आपल्याच घरच्या माणसासाठी देतोय. बाकीच्या तपासण्या जुळायला हव्यात आणि समितीची परवानगी लागेल. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत होईल."

श्रीधर बोटांवर काहीतरी जुळवत होता. गणिताच्या मास्तराला हे आपल्याला आधी का सुचलं नाही याचं बहुतेक वाईट वाटत असावं. शकू माझ्याकडे बघत होती. मग तिने मच्छिंद्रला कोपराने ढोसलं.

"अवो, काईतरी बोला की. मास्तर तुमाला किडनी देत्यात."

मच्छिंद्र उठला आणि श्रीधरच्या पाया पडायला वाकला. श्रीधर खुर्चीसकट मागे सरकला. "हे नको हं. आधी बसवून तर बघू, चालते का ते. नंतर तक्रार घेतली जाणार नाही."

तपासण्या जुळल्या. अडलं ते किरकटवाडीत.

सोजरबाईंना हे पटेना. सून लेकाला किडनी देते म्हणाली तेव्हा त्यांनी मन घट्ट करून हो म्हटलं होतं. आता ती दुसऱ्याच कुणाला देणार म्हटल्यावर त्या जेवेनाशा झाल्या. शेवटी जयसिंग सरांना घेऊन आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. पुढे पत्र्याची पडवी आणि मागे नव्या इमारतींचा ढीग. पडवीत सोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"माझ्या सुनंच्या पोटातलं काढून पेठंतल्या बाईला घालनार, आन माझा ल्योक?" त्यांनी सरळ सुरुवात केली.

"तुमच्या मुलाला मी देणार आहे, आजी," श्रीधर म्हणाला.

त्यांनी श्रीधरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. श्रीधर अंगाने काडी. "ह्यांच्यात काय हाय द्यायजोगं?"

"जे आहे ते बी गटाचं आहे," श्रीधर म्हणाला.

शकू पदर तोंडाला लावून हसली. सोजरबाई मात्र हसल्या नाहीत, विचारात पडल्या. हातातली सुपारी तशीच राहिली.

"म्हंजे आमची तुमच्यात, आन तुमची आमच्यात?"

"हो."

"मग असं सांगा की! ह्ये साटंलोटं झालं!" त्या एकदम सावरून बसल्या. "माझं लगीन साटंलोट्याचंच. मी हितं दिली आन माझी ननंद माझ्या भावाला केली. दोन्ही घरं धड ऱ्हायली. कुनी कुनाच्या लेकीला तरास देत नाय त्यात, कारन आपली तिकडं असती." मग त्यांनी जयसिंग सरांकडे बोट केलं. "पर साटंलोटं येकाच मांडवात व्हायला पायजे. आज येक, उंद्या दुसरं, असं ठिवलं की मानसं फिरत्यात."

जयसिंग सरांनी हात जोडले. "आमचाही नियम तोच आहे, आजी. चारही शस्त्रक्रिया एकाच दिवशी."

"मग हरकत न्हाई," सोजरबाई म्हणाल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. दोन कप कमी टाक, हेही त्यांनीच सांगितलं.

नाती खरी आहेत ना आणि मागे पैशांचा व्यवहार नाही ना, हे तपासणाऱ्या समितीपुढे आम्हाला वेगवेगळं बोलावलं. शकूच्या लग्नाचा एकच फोटो होता आणि त्यात तोंडावर मुंडावळ्या. "ही तुम्हीच कशावरून?" असं विचारल्यावर तिने, "नाक बगा की," असं उत्तर दिलं. तिथवर ठीक चाललं होतं. मग एका वयस्कर सदस्यांनी घसा खाकरून विचारलं, "बाई, स्पष्ट सांगा. दोन्ही कुटुंबांमध्ये काही साटंलोटं तर नाही ना?"

शकूचा चेहरा उजळला. "हाय की, सायेब! साटंलोटंच हाय! सासूबाईंनी सोता ठरवलंय."

समोरच्या तिघांनी पेनं खाली ठेवली. जबाब टिपणारा कॅमेरा चालूच होता. बाहेर बाकावर बसलेल्या आम्हाला आतून जयसिंग सरांचा आवाज ऐकू आला, "सर, एक मिनिट, सर, गैरसमज होतोय..." मग मोठ्याने हसणं. शकू बाहेर आली ती गोंधळलेली. "त्यांनी इचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यात हसन्यासारकं काय व्हतं?" श्रीधरने तिला पेठेत साटंलोटं या शब्दाला लबाडीचा वास कसा असतो ते समजावलं. ती म्हणाली, "तुमच्यात चांगल्या शब्दांचं वाटोळं का करत्यात?"

परवानगी आली. आता हव्या होत्या एकाच दिवशी मोकळ्या अशा चार शस्त्रक्रियागृहांच्या तारखा. सरकारी रुग्णालयात रोज अपघाताचे, बाळंतपणाचे, तातडीचे पेशंट येत असतात. चार टेबलं एकदम मोकळी मिळणं सोपं नाही. एक तारीख मिळाली आणि दोन शस्त्रक्रियागृहांची वातानुकूलन यंत्रणा दुरुस्तीला निघाली. दुसरी मिळाली तर मच्छिंद्रला खोकला झाला. थंडी अशीच गेली. आम्ही यंत्राशेजारी पडून राहायचो आणि शकू पाय दाबत तारखेच्या गोष्टी करायची, जशी घरातल्या कार्याच्या करतात तशी.

एका सकाळी मी कामावर जायला निघाले होते तेवढ्यात तिचा फोन आला. नेहमी ती फोनवर ओरडून बोलते. त्या दिवशी तिचा आवाज मऊ होता.

"ताई, हास्पिटलातून फोन आलता. कुनाची तरी किडनी मिळालीया, बी गटाची. यादीत ह्यांचं नाव वर आलंय. ताबडतोब या म्हनत्यात." ती थांबली. "काय करू?"

मला क्षणात कळलं. मच्छिंद्रला ती किडनी मिळाली की शकूला कुणाला काही द्यायची गरज उरणार नाही. तिचं पोट चिरलं जाणार नाही. घरात दोन मुलं आहेत, गाडी आहे, म्हातारी आहे. आणि मी पुन्हा यादीत, एकटी.

"विचारतेस काय?" मी म्हणाले. "निघ आधी. रिक्षा मिळत नसेल तर कुणाची गाडी थांबव. आणि त्यांना काही खायला देऊ नकोस, उपाशी असावं लागतं."

माझा आवाज बरा लागला असावा, कारण तिने "बरं ताई" म्हणून फोन ठेवला. मी कामावर गेले. एका दाढेच्या पेशंटला दोनदा आत पाठवलं आणि ज्याला कवळी घ्यायची होती त्याला उद्या या म्हटलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

दुपार कलली तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर शकू आणि मच्छिंद्र दिसले. आत यावं की नाही अशा बेताने दोघं चपलांपाशी उभे होते. मी बाहेर गेले.

"दुसऱ्याला बसली," शकू म्हणाली. "आमाला जोडीला बोलावलं व्हतं. पयल्याचं जुळलं न्हाई तर म्हनून. त्याचं जुळलं. येरवड्याचा पोरगा हाय, लगीन व्हायचंय अजून."

मी तिचा हात धरला.

"खोटं कशाला बोलू, ताई," ती म्हणाली. "जीव तुटला. तिथं बसल्या बसल्या म्या देवाला लई इनवलं. आन न्हाई म्हनले तवा पयल्यांदा रडले, मग जिन्यात आल्यावर जरा बरंबी वाटलं. दोन्ही येकदम कसं वाटतं, तुमीच सांगा."

"मलाही दोन्ही वाटलं," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "आपलं ठरल्यालंच बरं, ताई. मास्तरांच्यात मी मन गुतवलंय."

त्या सकाळची आणखी एक गोष्ट मला जयसिंग सरांकडून पुढे कितीतरी दिवसांनी कळली. वाट बघत बसलेली असताना शकू त्यांच्याकडे गेली होती. ह्यांना आज मिळाली तरी मी माझी हेमाताईंना नंतर दिली तर चालेल का, असं विचारत होती. सरांनी सांगितलं की नातं नाही, बदल्यात काही नाही, अशा दानाला परवानगी मिळणं फार अवघड. ती म्हणाली, "अवघड म्हंजे न्हाईच असं तर न्हाई ना?" आणि जाऊन पुन्हा बाकावर बसली. मला तिने हे कधीही सांगितलेलं नाही.

गुढीपाडवा झाला आणि तारीख मिळाली. आदल्या दिवशी आम्ही चौघं भरती झालो. सकाळी आधी शकू आणि श्रीधर यांना नेलं. दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी निघाल्या. शकूने मान वळवून विचारलं, "मास्तर, भ्या वाटतंय का?"

"वाटतंय."

"मलाबी. बोलत ऱ्हावा मग."

दोघं बोलत बोलतच आत गेले. काय बोलले कुणास ठाऊक. नंतर आम्हाला नेलं. बाहेर बाकावर नीरजा आणि सोजरबाई बसल्या होत्या. म्हातारीने भाकरी बांधून आणली होती आणि नीरजाने ती दिवसभरात सगळी संपवली, असं मागाहून ऐकलं. त्या दोघींची तेव्हा जी गट्टी जमली ती आजही आहे.

श्रीधरची किडनी मच्छिंद्रच्या पोटात टेबलावरच काम करू लागली. लघवीची पिशवी भरायला लागली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. श्रीधर शुद्धीवर आल्यावर त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "घरी मी एवढं काम केल्याचं कुणाला आठवत नसेल."

माझ्यात मात्र शकूची किडनी गप्प बसली. काही वेळा असं होतं, ती दमलेली असते, थोडी वाट बघावी लागते, असं डॉक्टर म्हणाले. एक दिवस गेला, दोन गेले. मला पुन्हा डायलिसिस लावावं लागलं. माझ्या मनात येई, एवढं करून त्या बाईचं देणं मी वाया घालवतेय. मी भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

पाचव्या दिवशी माझ्या खोलीच्या काचेवर टकटक झाली. मला संसर्ग होऊ नये म्हणून आत कुणाला सोडत नसत. काचेबाहेर शकू उभी होती. एका हातात सलाइनचा दांडा, दुसरा हात पोटावर दाबलेला, तोंडाला मास्क. मागे सिस्टर परत चला म्हणून विनवत होती. शकूने काचेला तोंड लावलं. ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती माझ्या पोटाकडे बघत होती.

"ए भवाने! हितं काय पाव्हनी म्हनून आलीस का? माझ्याकडं व्हतीस तवा ऊन नाय, वारा नाय, गपगुमान काम केलंस. आन पेठंत आल्याबरुबर दुपारची झोपतीस? उठ! कामाला लाग!"

माझ्या टाक्यांना कळ लागली इतकी मी हसले. हसता हसता रडले. सिस्टरने शकूला दंडाला धरून नेलं, तरी जिन्यापर्यंत तिचं चालूच होतं.

किडनी तिच्या बोलण्याने उठली असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी औषधं बदलली होती, दिवसही भरत आले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत पिवळसर थेंब दिसले, आणि संध्याकाळी सिस्टर पिशवी हातात वर धरून वॉर्डभर दाखवत गेली. जगात असल्या गोष्टीचा वरातीसारखा आनंद फक्त आमच्यासारख्यांनाच होतो. मला पाण्याचा पहिला पूर्ण पेला दिला तेव्हा मी तो लगेच प्यायलेच नाही. हातात धरून बसले. मग प्यायले, आणि दुसरा मागितला.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. औषधं जन्मभराची आहेत आणि ती सरकारी रुग्णालयातून मिळतात. कधी साठा संपतो, मग शकू खिडकीवर जाऊन उभी राहते आणि आमच्या दोघांच्या वतीने आवाज लावते. रांगेतले बाकीचे लोक तिच्या मागे उभे राहतात. पालिकेच्या केंद्रात आमच्या दोन खाटा मोकळ्या झाल्या त्या एका शाळेच्या शिपायाला आणि हडपसरच्या एका आजींना मिळाल्या. शकू दोघांना जाऊन भेटून आली. त्या आजी उठून बसतात आणि पुष्कळ बोलतात, एवढं तिने मला सांगितलं. तिच्या तोंडून पुष्कळ बोलतात हे ऐकून मला आजींबद्दल आदर वाटला.

मच्छिंद्र पुन्हा टेम्पो चालवतो, जवळच्या फेऱ्यांपुरता. शकूच्या वर्षातून एकदा तपासण्या होतात, सगळं ठीक येतं. तिची तब्येत आम्हा चौघांत सगळ्यात चांगली आहे.

या श्रावणात एका रविवारी आम्ही तिच्या गाडीवर गेलो होतो. चौपाटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. धरण भरलेलं, आणि अर्धं पुणं कणीस खायला लोटलेलं. शकूची धांदल उडाली होती. तिने श्रीधरच्या हातात लिंबाची फोड आणि तिखटमिठाची वाटी दिली. "मास्तर, उभं काय ऱ्हायलात? चोळा!"

श्रीधर चोळू लागला. गणिताच्या वहीत समास आखावा इतक्या काटेकोरपणे, एकेका दाण्याच्या ओळीवरून. गिऱ्हाइकं ताटकळली. एक तरुण म्हणाला, "काका, लिंबू जरा जास्त लावा ना."

"जास्त हवं असेल तर येताना घरून आणावं," श्रीधर म्हणाला.

तरुण आधी चपापला, मग त्याच्यासोबतच्या मुली खो खो हसत सुटल्या आणि त्यांनी आणखी चार कणसं मागितली, फक्त काकांनीच लावून द्यायची या अटीवर. शकूने कपाळावर हात मारला. "आवरा, मास्तर, मला गिऱ्हाईक ठिवायचंय!" पण तिच्यापुढची टोपली त्या दिवशी दिवेलागणीच्या आतच रिकामी झाली. मग तिने विझत्या निखाऱ्यांवर आमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली दोन कोवळी कणसं ठेवली आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसली.